पेटी, खोली आणि कान : स्पीकर कसा निवडावा, या प्रश्नाचा शंभर वर्षांचा इतिहास

राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या एका व्याख्यानानंतर पदव्युत्तर वर्गातला एक विद्यार्थी थांबला आणि म्हणाला, "सर, पहिल्या पगारातून टॉवर स्पीकरची जोडी घ्यायची आहे. दुकानदार वॅट सांगतो, मित्र ब्रँड सांगतात. भौतिकशास्त्र काय सांगतं?" तेव्हा मी दोन वाक्यांत काहीतरी उत्तर दिले. त्याचे समाधान झाले नाही आणि खरे सांगायचे तर माझेही नाही. ज्या प्रश्नाचे उत्तर शोधायला जगातल्या उत्तम अभियंत्यांना जवळजवळ शतक लागले, तो दोन वाक्यांत आटोपणे योग्यही नव्हते. हा लेख म्हणजे त्या विद्यार्थ्याला दिलेले सविस्तर उत्तर आहे.

सुरुवात रामन यांच्यापासून करू. २८ फेब्रुवारीला आपण त्यांचे प्रकाशावरील संशोधन आठवतो. परंतु त्याआधीची कित्येक वर्षे ते कलकत्त्याच्या 'इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स'मध्ये ध्वनीवर काम करीत होते. १९२० मध्ये 'नेचर'मध्ये त्यांनी आणि त्यांचे सहकारी एस. कुमार यांनी भारतीय चर्मवाद्यांविषयी एक टिपण प्रसिद्ध केले. साध्या ताणलेल्या कातड्याचे उपस्वर एकमेकांशी पूर्णांकांच्या प्रमाणात नसतात, म्हणून साध्या ढोलाला निश्चित स्वर नसतो. तबल्याच्या आणि मृदंगाच्या कातड्यावरील शाईचा थर मात्र हे उपस्वर एक, दोन, तीन, चार, पाच अशा प्रमाणात आणून बसवतो. आपल्या वाद्यकारांनी केवळ कानाच्या भरवशावर साधलेली ही गोष्ट आहे. स्पीकरच्या संदर्भात तिचे महत्त्व असे की, स्पीकरने एखादा पट्टा उगाच उचलून धरला किंवा दाबला, तर शाईने जुळवलेल्या या उपस्वरांच्या तीव्रतेचा तोल बिघडतो. तबला स्वरात वाजतो आहे, हे स्पीकरमधून ऐकू येणे ही म्हणूनच एक कठोर परीक्षा आहे.

आता स्पीकरकडे वळू. चुंबकीय क्षेत्रात तारेचे वेटोळे हलवण्याची कल्पना एकोणिसाव्या शतकातली. ऑलिव्हर लॉज यांनी १८९८ मध्ये तिचे पेटंट घेतले. १९१५ च्या सुमारास कॅलिफोर्नियात पीटर जेन्सन आणि एडविन प्रिडहॅम यांनी अशाच वेटोळ्याला कर्णा जोडून आवाज मोठा केला. तथापि ज्या तत्त्वावर आजचा जवळजवळ प्रत्येक स्पीकर उभा आहे, ते १९२५ मध्ये 'जनरल इलेक्ट्रिक'च्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी मांडले. त्यांचा शंकू लहान होता, कर्णा नव्हता, आणि त्याची नैसर्गिक वारंवारता त्यांनी मुद्दाम खाली ठेवली. त्या वारंवारतेच्या वर शंकूची हालचाल मुख्यतः त्याच्या वस्तुमानावर ठरते. बल स्थिर असेल, तर त्वरण स्थिर राहते. आणि लहान शंकूपासून निघणारा ध्वनिदाब त्वरणाच्याच प्रमाणात असतो. न्यूटनचा दुसरा नियम वापरून त्यांनी एका विस्तृत पट्ट्यात जवळजवळ समान आवाज मिळवला.

यातच एक किंमत दडलेली आहे. त्वरण तेवढेच राखून वारंवारता निम्मी केली, तर शंकूला चौपट अंतर हलावे लागते. खर्ज महाग का पडतो, याचे मूळ इथे आहे. शंकूचे क्षेत्रफळ वाढवावे, नाहीतर त्याला अधिक हलू द्यावे. तिसरा मार्ग नाही. टॉवर स्पीकरमध्ये दोन-तीन वूफर एकाखाली एक बसवलेले दिसतात, ते याच हिशेबाने.

दुसरी अडचण पेटीची. शंकू पुढची हवा दाबतो तेव्हा मागची विरळ करतो. मोकळ्या शंकूच्या या दोन लहरी कमी वारंवारतेला एकमेकींना मिटवतात, म्हणून मागची लहर कोंडावी लागते. परंतु कोंडलेली हवा स्प्रिंगसारखी वागते. पेटी जितकी लहान तितकी स्प्रिंग कडक, आणि नैसर्गिक वारंवारता वर सरकते. बेल लॅबचे अल्बर्ट थुरास यांनी १९३० मध्ये दाखल केलेल्या पेटंटात मागच्या लहरीचा उपयोग करून घेतला : पेटीला भोक ठेवून हवेचा अनुनाद खर्जाच्या मदतीला आणला. बाटलीच्या तोंडावर फुंकर घातल्यावर जो 'हूं' येतो, तेच हे तत्त्व.

तरीही १९५० पर्यंत चांगला खर्ज हवा तर कपाटाएवढी पेटी, हे समीकरण होते. ते एडगर विल्चर यांनी मोडले. हवेची स्प्रिंग हा अडथळा न मानता त्यांनी तिलाच मुख्य स्प्रिंग केले. शंकूची स्वतःची टांगणी अगदी सैल ठेवली आणि बंद पेटीतल्या हवेने त्याला मागे ओढावे, अशी रचना केली. हवा ही कापडी वा कागदी टांगणीपेक्षा अधिक नियमित स्प्रिंग असल्याने विकृतीही घटली. १९५४ मध्ये हेन्री क्लॉस यांच्यासह त्यांनी मॅसॅच्युसेट्समध्ये हा स्पीकर बाजारात आणला. १९५८ मध्ये स्टीरिओ तबकड्या आल्या, घरोघरी एकाऐवजी दोन पेट्या ठेवण्याची वेळ आली, आणि लहान पेटीचे भाग्य उजळले.

अर्थात फुकट काही मिळत नाही. क्लॉस यांचे नंतरचे भागीदार जे. अँटन हॉफमन यांच्या नावाने एक 'लोखंडी नियम' प्रसिद्ध आहे : लहान पेटी, खोल खर्ज आणि कमी विजेत मोठा आवाज, या तिहींपैकी दोनच मिळतात. पुढे ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये आणि रिचर्ड स्मॉल यांनी १९७० च्या दशकाच्या आरंभी हा सगळा व्यवहार गणितात बसवला. आज कोणत्याही वूफरच्या माहितीपत्रकात जे आकडे असतात, त्यांना या दोघांचेच नाव आहे. तोवर पेटी बांधणे ही बरीचशी सुतारकी होती. त्यानंतर ती फिल्टरचा आराखडा करण्यासारखी झाली.

म्हणजे प्रश्न सुटला का? इथे आपल्याला एक भारतीय धागा भेटतो. इंग्रज सरकारचा ससेमिरा चुकवण्यासाठी १९२० मध्ये कलकत्त्याहून अमेरिकेत गेलेल्या नोनीगोपाल बोस या क्रांतिकारकाचा मुलगा अमर १९२९ मध्ये फिलाडेल्फियात जन्मला. महायुद्धाच्या काळात तो घरखर्चाला हातभार म्हणून रेडिओ दुरुस्त करीत असे. पुढे त्याने एमआयटीत डॉक्टरेट मिळवली, फुलब्राइट शिष्यवृत्तीवर एक वर्ष दिल्लीतही काढले. १९५६ मध्ये अमर बोस यांनी माहितीपत्रकातील उत्तम आकडे पाहून एक संगीतसंच विकत घेतला आणि घरी तो ऐकून ते निराश झाले. आकडे उत्तम असताना कानाला आवाज खोटा का वाटतो, हा प्रश्न त्यांनी सोडला नाही.

त्यांचे उत्तर असे : सभागृहात आपल्यापर्यंत येणारा बहुतांश ध्वनी भिंतींवरून परावर्तित झालेला असतो, तेव्हा स्पीकरनेही तसेच करावे. १९६८ मधल्या त्यांच्या '९०१' या स्पीकरमध्ये नऊ ड्रायव्हर होते. एक श्रोत्याकडे आणि आठ भिंतीकडे तोंड करून. १९७० मध्ये एका ग्राहक-नियतकालिकाने लिहिले की, या स्पीकरमधून वाद्ये खोलीभर भटकत असल्यासारखी वाटतात. बोस यांची कंपनी न्यायालयात गेली. खोलीभर की दोन स्पीकरमधल्या भिंतीलगत, यावर वर्षानुवर्षे कीस पडला आणि १९८४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने नियतकालिकाच्या बाजूने निकाल दिला. स्पीकरच्या परीक्षणातील एका शब्दप्रयोगावरून वृत्तपत्रस्वातंत्र्याचा महत्त्वाचा निवाडा झाला! बोस यांच्या उत्तराविषयी मतभेद आहेत आणि राहतील. त्यांचा प्रश्न मात्र खरा होता : कोणता आकडा कानाशी जुळतो?

त्या प्रश्नाचा चिकाटीने पाठपुरावा केला तो कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेतील फ्लॉइड टूल यांनी. त्यांची पद्धत औषधशास्त्रातून ओळखीची आहे : कोणता स्पीकर वाजतो आहे हे श्रोत्याला दिसू द्यायचे नाही, सर्वांचा आवाज समान पातळीवर आणायचा, आणि मग गुण मागायचे. १९८० च्या दशकात त्यांनी दाखवून दिले की, पडद्याआड ठेवल्यावर लोकांची मते आश्चर्यकारकरीत्या जुळतात. बहुतेकांना तोच स्पीकर आवडतो ज्याचा समोरचा प्रतिसाद सपाट असतो आणि बाजूंना जाणारा आवाजही सुरळीत बदलत जातो. १९९४ मध्ये टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी हीच परीक्षा पडद्याआड आणि पडद्याविना घेतली. स्पीकर दिसू लागताच मोठ्या, भारदस्त पेट्यांचे गुण वाढले आणि लहानाचे घसरले. इतकेच नव्हे, तर स्पीकर खोलीत कुठे ठेवला आहे, याने पडणारा खरा फरकही डोळे उघडे असताना श्रोत्यांना कमी जाणवू लागला.

२००४ मध्ये ऑलिव्ह यांनी ७० स्पीकरांच्या मोजमापांवरून पसंतीचे भाकीत करणारे सूत्र मांडले. भाकीत आणि प्रत्यक्ष गुण यांचा सहसंबंध ०.८६ आला. त्या सूत्रात सुमारे ३० टक्के वजन एकट्या खर्जाला आहे. टॉवर स्पीकरची बाजू इथे विज्ञानाने मांडली आहे : उंच पेटीत हवा अधिक, वूफर अधिक, म्हणून खर्ज अधिक, आणि जमिनीवरची जागा मात्र स्टँडवर ठेवलेल्या लहान स्पीकरएवढीच. उरलेले सुमारे ७० टक्के वजन प्रतिसादाच्या सुरळीतपणाला आहे, आणि ते उंचीने मिळत नाही.

आता माझी स्वतःची फजिती सांगतो. डॉक्टरेटनंतरच्या पहिल्या नोकरीत मीही एक टॉवर जोडी आणली. भाड्याच्या घरातील खोली अडीच मीटर रुंद. लांब भिंतीला टेकवून स्पीकर, समोरच्या लांब भिंतीला टेकून मी. काळी एकच्या पट्टीतले गायन लावले की तंबोऱ्याची खर्जाची तार साऱ्या खोलीत घुमे आणि गाणे त्याखाली बुडे. महिनाभर मी स्पीकरला दोष दिला. मग कागद घेतला. काळी एकचा खर्ज षड्ज सुमारे ६९ हर्ट्झ. समोरासमोरच्या दोन भिंतींमधली पहिली स्थिर लहर : ध्वनीचा वेग भागिले रुंदीची दुप्पट, म्हणजे ३४६ भागिले ५, उत्तर ६९! या लहरीचा दाब भिंतींपाशी सर्वाधिक असतो आणि मधोमध जवळजवळ शून्य. मी स्पीकर एका भिंतीला आणि स्वतःला दुसऱ्या भिंतीला ठेवून नेमका तोच अनुनाद जोपासत होतो. स्पीकर आखूड भिंतीकडे हलवले, दोन्ही बाजूंना सारखे अंतर सोडले, खुर्ची रुंदीच्या मध्यरेषेवर आणली. घुमणे बहुतांशी गेले. बारावीतले सूत्र मला आठवायला एक महिना लागला, याची लाज अजून वाटते.

वॉलेस सॅबिन यांनी १८९५ पासून हार्वर्डमध्ये हेच शिकवले होते. एका व्याख्यानगृहातला निनाद इतका होता की वक्त्याचे शब्द एकमेकांवर चढत. सॅबिन रात्री शेजारच्या नाट्यगृहातील गाद्या आणून मांडीत आणि निनाद किती घटला ते मोजीत. आपल्या घरात फरशी, उघड्या भिंती आणि काचा असतात. म्हणून मध्यम आणि तार पट्ट्यासाठी सतरंजी, जाड पडदे, भरलेले पुस्तकांचे कपाट यांचा उपयोग मोठा. खर्जावर मात्र पडद्याचा परिणाम नगण्य. तिथे मांडणीच कामी येते.

तर त्या विद्यार्थ्याला उत्तर असे. प्रथम खोली मोज आणि तिच्या स्थिर लहरी काढ. मग आपण काय ऐकतो ते पाहा. ख्याल आणि वाद्यसंगीत मुख्य असेल, तर ६० हर्ट्झपर्यंत प्रामाणिकपणे उतरणारी लहान जोडी लहान खोलीत पुरेशी आहे. चित्रपट, इलेक्ट्रॉनिक संगीत, मोठा वाद्यवृंद हवा असेल आणि खोली मोठी असेल, तर टॉवर योग्य. वॅटचा मोठा आकडा विसर. नव्वदच्या दशकात आपल्याकडे हजारो वॅट 'पीएमपीओ' लिहिलेल्या पेट्या विकल्या जात, त्या आकड्याला कोणतेही सर्वमान्य प्रमाण नव्हते. शक्ती दुप्पट केली तरी पातळी फक्त ३ डेसिबलने वाढते. त्याऐवजी संवेदनशीलता पाहा आणि समोरच्या व बाजूंच्या प्रतिसादाचे आलेख मिळतात का ते शोध. दुकानात दोन जोड्या ऐकताना आवाज समान पातळीवर आण, कारण किंचित मोठा आवाज नेहमी सरस भासतो. मित्राला स्पीकर बदलायला सांग आणि स्वतः पाठ फिरवून बस. ओळखीची तबल्याची एक ध्वनिमुद्रिका सोबत ने, आणि तबला स्वरात लागतो का ते ऐक.

वाचकांपैकी कुणी आपल्या खोलीची लांबी-रुंदी कळवली, तर तिच्या पहिल्या तीन स्थिर लहरी कशा काढायच्या ते टिप्पण्यांमध्ये मांडीन. आधी स्वतः काढून पाहिल्यास अधिक आनंद होईल.