डाव्या हाताचा खर्ज

कीबोर्डवर बेस वाजवायचा तर पहिलं वाद्य कोणतं घ्यावं, असं अलीकडे बरेच तरुण विचारतात. मी वादक नाही. जुन्या रेकॉर्डी, त्यांची वेष्टनं आणि वाद्यांबरोबर मिळणारी माहितीपुस्तकं गोळा करून वाचणं हा माझा नाद. संगीताचं रीतसर शिक्षण झालेलं नाही. दुकानदार या प्रश्नाचं उत्तर किमतीच्या चढत्या क्रमाने देतो. इतिहास वेगळं सांगतो. कीबोर्डवरच्या बेसची मोठी वळणं ज्या यंत्रांवर घडली, त्यांतली बरीचशी तडजोड म्हणून किंवा कुणी टाकून दिली म्हणून वादकांच्या हाती आली होती.

आपल्याकडे या विषयाला एक जादा अडचण आहे. पेटीवर बसलेल्याचा उजवा हात पट्ट्यांवर आणि डावा भात्यावर. पायाने हवा भरायच्या ऑर्गनने डावा हात मोकळा केला, पण घरोघरी गेली ती हातपेटीच. त्यामुळे पेटीवरून कीबोर्डकडे येणाऱ्याचा डावा हात अगदी कोरा असतो. कोऱ्या हाताला नवी सवय लावणं सोपं, म्हणून मी याला तोटा मानत नाही.

सुरुवात लॉस एंजेलिसपासून करू. 1965 मध्ये तिथे जमलेल्या 'द डोअर्स' या चौघांत बेस वाजवणारा कुणी नव्हता. कीबोर्डवादक रे मॅन्झारेक याने व्हॉक्स कॉन्टिनेन्टल ऑर्गनच्या सपाट माथ्यावर फेंडर ऱ्होड्स पियानो बेस नावाची 32 पट्ट्यांची पेटी ठेवली आणि डाव्या हाताने बेस, उजव्याने ऑर्गन असा संसार मांडला. हा सिंथेसायझर नव्हे. आत धातूच्या काड्या असतात, त्यांवर हातोड्या पडतात. ही रचना हॅरोल्ड ऱ्होड्स यांची. दुसऱ्या महायुद्धात जखमी सैनिकांना पियानो शिकवण्यासाठी त्यांनी विमानाच्या अॅल्युमिनियमच्या नळ्यांतून छोटी वाद्यं बनवली होती, तिथून हा धागा निघतो.

'डोअर्सकडे बेस नव्हताच' ही मात्र अर्धी गोष्ट. मंचावर ते खरं होतं. ध्वनिमुद्रणात या पेटीचा आघात बोथट वाटे, म्हणून स्टुडिओत बेस गिटारवाले बोलावले जात. 'लाइट माय फायर'मधला बेस लॅरी नेक्टेल यांचा. कान आणि मंच यांच्या गरजा वेगळ्या असतात, एवढं नवशिक्याने इथून घ्यावं.

खरा सिंथ बेस आला मिनीमूगबरोबर. न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रुमन्सबर्ग या लहानशा गावी रॉबर्ट मूग यांच्या कारखान्यात मोठमोठी कपाटाएवढी यंत्रं बनत. बिल हेमसॅथ या अभियंत्याने सुटे भाग जोडून सुटसुटीत नमुना केला, आणि 1970 मध्ये तो बाजारात आला. 44 पट्ट्या, तीन ऑसिलेटर आणि एका वेळी एकच स्वर. दोन पट्ट्या दाबल्या तरी दोन स्वर मिळत नाहीत. त्यांतला खालचा वाजतो. कागदावर हा दोष वाटेल. बेससाठी तो गुण ठरला, कारण खर्ज एकटाच असावा लागतो. दोन जाड स्वर एकत्र झाले की नुसता गढूळपणा उरतो.

याचा हातावर होणारा परिणाम माहितीपुस्तकांतून सहसा उमगत नाही. मिनीमूगवर एक पट्टी दाबून धरली असताना वरची दाबली तर काहीच घडत नाही. खालची दाबली तर स्वर तिकडे जातो, पण आघात नव्याने होत नाही. बोटं पूर्ण सोडल्याशिवाय नवा ठोका मिळत नाही. म्हणून या यंत्रावरचं कौशल्य पट्टी दाबण्याइतकंच ती सोडण्यात आहे. तारेचा स्वर आपोआप विरतो. सिंथचा स्वर, पेटीसारखाच, बोट उचलेपर्यंत उभा राहू शकतो. बेसचा झोल दोन स्वरांमधल्या शांततेतून येतो, आणि ती शांतता बोटाने मोजून द्यावी लागते.

हे ऐकायचं असेल तर पार्लमेंट या अमेरिकन फंक मंडळीचं 1977 चं 'फ्लॅश लाइट' ऐकावं. बेस मिनीमूगवर आहे, वाजवणारा बर्नी वॉरेल. लहानपणापासून पाश्चात्त्य शास्त्रीय पियानोत मुरलेला आणि बोस्टनच्या न्यू इंग्लंड कॉन्झर्व्हेटरीत शिकलेला हा माणूस. गंमत अशी, की त्या काळातला नामांकित बेसवादक बूट्सी कॉलिन्स त्याच गाण्यात ड्रम वाजवतो आहे. मंडळीत बेसवाल्याची वाण नव्हती. हा खर्ज नाइलाजाने नव्हे, हवा म्हणून निवडलेला होता. माझ्या मते सिंथ बेस स्वतःच्या पायावर उभा राहिला तो इथे.

उलट बाजूचं उदाहरण रोलंड टीबी-303. 1981 च्या अखेरीस आलेली ही चपटी पेटी, तादाओ किकुमोतो यांनी घडवलेली, एकट्या गिटारवाल्याला साथीचा बेस मिळावा म्हणून बनली. तिच्यात स्वर भरणं इतकं किचकट होतं आणि आवाज खऱ्या बेस गिटारपासून इतका दूर, की 1984 मध्ये उत्पादन बंद पडलं. ती जुन्या बाजारात स्वस्तात मिळू लागली आणि शिकागोतल्या तरुणांनी तिची बटणं वेडीवाकडी फिरवून 1987 मध्ये 'अॅसिड ट्रॅक्स' काढलं. ही कथा सर्वत्र सांगितली जाते. तिच्या पाच वर्षं आधी, 1982 मध्ये, मुंबईत चरणजित सिंग यांनी हेच यंत्र, ज्युपिटर-8 आणि टीआर-808 यांच्या साथीने दहा राग ध्वनिमुद्रित केले होते. भैरव, ललित, तोडी, मालकंस वगैरे. रेकॉर्ड फारशी चालली नाही. 2010 मध्ये परदेशात पुन्हा निघाली तेव्हा जग चकित झालं. मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते हे, की सिंग हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत बेस गिटार वाजवणारे होते. बेसवाल्याची जागा घेऊ पाहणारं यंत्र एका बेसवाल्यानेच कामाला लावलं.

आता सर्वांत स्वस्त वाद्याकडे. आपल्याकडे कुठल्याही कंपनीच्या कीबोर्डला 'कॅसिओ' म्हणायची सवय होती, तिचा हा थोडा सन्मान समजावा. 1981 मधला कॅसिओटोन एमटी-40 हा घरगुती कीबोर्ड. 37 बारक्या पट्ट्या आणि डाव्या अंगाला बेससाठी आणखी 15 छोटी बटणं. म्हणजे डाव्या हाताचा खर्ज कारखान्यातूनच आखून दिलेला. त्यातले तयार ताल आणि बेस बसवले ओकुदा हिरोको या तरुणीने. संगीत महाविद्यालयातून थेट कॅसिओत आलेल्या या मुलीचा पदवीचा प्रबंध रेगे संगीतावर होता. 'रॉक' नावाच्या तालासोबत तिने घातलेली बेसची ओळ जमैकात नोएल डेव्ही आणि वेन स्मिथ यांच्या हाती लागली. निर्माते किंग जॅमी यांनी तिची लय उतरवली आणि 1985 मध्ये 'अंडर मी स्लेंग टेंग' आलं. त्यानंतर त्याच ओळीवर शेकडो गाणी बांधली गेली. स्टुडिओत पोट भरणाऱ्या ड्रम-बेसवाल्यांचं कामही त्या लाटेत कमी झालं. यंत्राचं कौतुक करताना हा हिशेब मी वगळू इच्छित नाही. ऑर्केस्ट्रांमध्ये एक कीबोर्ड आल्यावर दोन-तीन वादक घरी बसलेले आपणही पाहिले आहेत.

तर मग घ्यावं काय? एकच स्वर काढणारं किंवा तसं लावता येणारं वाद्य, 25 ते 37 पट्ट्यांचं, सप्तक खाली नेणारं बटण असलेलं. पट्ट्या शक्यतो पूर्ण आकाराच्या; बारक्या पट्ट्यांवर डाव्या हाताची मोठी उडी चुकीची शिकली जाते. स्वर घसरत नेण्याची सोय आणि स्वर वाकवणारं चाक असावं. तयार आवाजांची संख्या पाहूच नये. संगणक घरी असेल तर साधा मिडी कीबोर्डही चालतो, मात्र पट्टी दाबल्यापासून आवाज येईपर्यंतचा उशीर कमीत कमी राहील असं बघावं. बेसमध्ये तो लगेच खटकतो.

पैसे उरले तर ते वाद्यावर न घालता स्पीकरवर घालावेत. बेस गिटारच्या सर्वांत खालच्या तारेचा स्वर सुमारे 41 हर्ट्झचा. त्याची एक लाट आठ मीटरहून लांब. लॅपटॉपच्या स्पीकरला ती पेलत नाही. तरीही करवती लाटेचा आवाज तिथे ओळखू येतो, कारण 82, 123 असे वरचे अंश ऐकून कान मूळ स्वर मनाशी जुळवून घेतो. शुद्ध गोल लाटेत हे अंश नसतात, म्हणून तो बेस लहान स्पीकरवर जवळजवळ नाहीसा होतो. वाद्य बिघडलं म्हणून दुकानात परत नेण्याआधी चांगला हेडफोन लावून ऐकावं.