पेलिकन सराईतला पावाचा तक्ता

तारीख ६ मे १७९५. लंडन-बाथ हमरस्त्यावर, न्यूबरीला लागून असलेल्या स्पीनहॅमलंडमध्ये तुम्ही घोड्यावरून उतरता. पेलिकन सराईत बर्कशायरचे जमीनदार आणि काही पाद्री जमले आहेत. तुम्हीही त्यांच्यातलेच, 'जस्टिस ऑफ द पीस'. पुढे मुंबईत जगन्नाथ शंकरशेट जे जे.पी. झाले, त्या पदाचे मूळ हेच.

पगार नाही. कायद्याची परीक्षा नाही. वर्षाला १०० पौंड देणारी जमीन असली की झाले. पूल, तुरुंग, दारूगुत्त्यांचे परवाने, सगळे तुमच्याकडे. शेजाऱ्याच्या रानात चोरून ससा मारणाऱ्याला शिक्षाही तुम्हीच सुनावता.

आजचा विषय पाव. गेल्या वर्षीचे पीक बुडाले, हिवाळा कडाक्याचा गेला, फ्रान्सशी युद्ध चालूच आहे. सभा बोलावली आहे ती मजुरी ठरवण्यासाठी. पहिल्या एलिझाबेथच्या काळापासून तो अधिकार तुम्हाला आहे. पण मजुरी वाढली तर भरणार कोण? तुमची कुळे. मग तीच कुळे खंड कमी करा म्हणून दारात उभी राहणार. खासदार चार्ल्स डंडास अध्यक्षस्थानी आहेत. ठराव होतो: मजुरी बांधून द्यायची नाही, ती वाढवा अशी शेतकऱ्यांना कळकळीची विनंती करायची.

आणि एक तक्ता करायचा. पौने नऊ पौंडांच्या आसपास वजनाचा पाव एक शिलिंगाला असेल, तर कष्टकरी पुरुषाला आठवड्याला ३ शिलिंग, बायकोला आणि प्रत्येक मुलाला दीड. तीन मुलांचे घर म्हणजे ९ शिलिंग. मजुरी ७ च मिळत असेल, तर वरचे २ गरीबपट्टीतून, म्हणजे गरिबांसाठी गावात गोळा होणाऱ्या करातून. पाव महागला की आकडेही चढणार.

तुम्ही मान डोलावता, आणि मनापासून. कुणी उपाशी मरू नये असे तुम्हाला खरेच वाटते. फक्त गरीबपट्टी गावातला दुकानदारही भरतो, एकही मजूर न ठेवणारा छोटा शेतकरीही भरतो, हे आज कुणी बोलत नाही. केसांना पावडर लावण्यावर सरकारने नुकताच वर्षाला एका गिनीचा कर बसवला आहे. गिनी म्हणजे २१ शिलिंग, तक्त्याप्रमाणे एका पुरुषाची सात आठवड्यांची बेगमी. तुम्ही ती कुरकुरत का होईना, भरणार.

तुमच्या हेतूवर संशय घेण्याचे कारण नाही. पण हातात असलेला अधिकार तुम्ही वापरला नाहीत, आणि वाढीव मजुरीचा भार दुसऱ्यांच्या पट्टीवर टाकलात. १८३४ च्या कायद्याने धडधाकट गरिबांना अशी मदत बंद करून वर्कहाउसचा, म्हणजे गरिबांना आत ठेवून राबवणाऱ्या घराचा, रस्ता दाखवायचे ठरवले. तुमच्या वर्गाचा परगण्यातला कारभार मात्र तसाच चालू राहिला. निवडून आलेल्या काउंटी कौन्सिलांनी तो हाती घेतला १८८९ मध्ये.