हृदयापर्यंत गेलेली नळी : एबर्सवाल्डे ते न्यूयॉर्क

१/ ‘अँजिओग्राफी केली’, ‘स्टेंट टाकला’ हे शब्द आज आपल्या घराघरांत रुळले आहेत. मनगटातून किंवा जांघेतून एक बारीक नळी आत जाते, हृदयाची खबर घेऊन परत येते आणि दुसऱ्या दिवशी रुग्ण घरी चहा पीत बसलेला दिसतो. शंभर वर्षांपूर्वी मात्र जिवंत माणसाच्या हृदयात नळी घालणे म्हणजे त्याला मारणे, असेच बहुतेक वैद्य मानत. हा समज कसा मोडला, त्याचा हा धागा.

२/ ही कथा बहुधा एका धाडसी तरुणाची कथा म्हणून सांगितली जाते. ती तशी आहेही. परंतु तीत एक फसवणूक आहे, एकमेकांशी न जुळणारे दोन वृत्तान्त आहेत, एक विस्मरणात गेलेला वैद्य आहे आणि नाझी पक्षाचे एक सदस्यत्वही आहे. म्हणून ती जरा सावकाश वाचू.

३/ प्रारंभ घोड्यांपासून होतो. १८४४ साली फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ क्लोद बेर्नार यांनी घोड्याच्या मानेतील रक्तवाहिन्यांतून थेट हृदयात उपकरण सरकवून तेथील रक्ताचे तापमान मोजले. पुढे १८६० च्या दशकात शोवो आणि मारे या जोडीने त्याच मार्गाने घोड्याच्या हृदयातील दाबाचे आलेख काढले. घोडा उभा राही, हृदय चालू राही. म्हणजे प्राण्यांपुरता प्रश्न तेव्हाच सुटला होता. प्रश्न होता तो माणसाचा.

४/ वेर्नर फोर्समान याचा जन्म १९०४ साली बर्लिनमध्ये झाला. वडील पहिल्या महायुद्धात कामी आले. १९२९ साली, नुकताच वैद्य झालेला हा पंचविशीतला तरुण, बर्लिनच्या ईशान्येस असलेल्या एबर्सवाल्डे या लहानशा गावातील रुग्णालयात शिकाऊ शल्यचिकित्सक होता. शोवो-मारे यांच्या घोड्याचे चित्र त्याने पुस्तकात पाहिले होते आणि ते त्याच्या मनातून जात नव्हते.

५/ त्याचा हेतू नीट समजून घ्यायला हवा. त्या काळी एखाद्या रुग्णाचे हृदय बंद पडू लागले, तर छातीतून लांब सुई खुपसून थेट हृदयात औषध टोचत. त्यात हृदयाची रक्तवाहिनी फाटण्याचा किंवा फुफ्फुसाला इजा होण्याचा धोका असे. फोर्समानचा विचार असा : छाती भोसकण्याऐवजी हाताच्या शिरेतूनच औषध हृदयापर्यंत का नेऊ नये? हृदयाचा अभ्यास हा त्याचा पहिला हेतू नव्हता. त्याला औषध पोहोचवण्याची सुरक्षित वाट हवी होती.

६/ वाट तर शरीरातच तयार होती. हातातील शिरा एकमेकींना मिळत मोठ्या होत जातात आणि शेवटी हृदयाच्या उजव्या कर्णिकेत, म्हणजे वरच्या उजव्या कप्प्यात, उघडतात. रक्ताचा प्रवाहही त्याच दिशेने. ओढ्यात सोडलेली काडी जशी नदीकडे जाते, तशी नळी प्रवाहाबरोबर पुढे सरकते. शिरेच्या आतील अस्तराला वेदना जाणवत नाही, त्यामुळे रुग्णाला भूल देऊन झोपवण्याचीही गरज नाही.

७/ रुग्णालयाचे प्रमुख रिचर्ड श्नायडर हे फोर्समानच्या कुटुंबाचे स्नेही. त्यांनी परवानगी नाकारली. रुग्णावर नाही आणि स्वतःवरही नाही. मित्राच्या घरचा मुलगा आपल्या रुग्णालयात, स्वतःच्या हातून दगावला तर त्याच्या आईला काय सांगायचे, हा प्रश्न त्यांच्यापुढे असणारच.

८/ यापुढचा प्रसंग फोर्समानने आपल्या आत्मचरित्रात सांगितला आहे. निर्जंतुक उपकरणांच्या कपाटाच्या किल्ल्या शस्त्रक्रियागृहातील परिचारिका गेर्डा डिट्झेन यांच्या ताब्यात होत्या. त्याने त्यांना आपली कल्पना समजावली. त्या इतक्या प्रभावित झाल्या की प्रयोगासाठी स्वतःच पुढे आल्या. त्याने त्यांना टेबलावर झोपवून हातपाय बांधले, आणि त्यांचे लक्ष नसताना स्वतःच्या डाव्या कोपराच्या घडीत चीर दिली.

९/ नळी होती मूत्रवाहिनीच्या तपासणीसाठी वापरली जाणारी. ती बरीच आत गेल्यावर त्याने डिट्झेन यांना मोकळे केले. आपल्याला फसवले, हे कळल्यावर त्या संतापल्या, पण मदतीला धावल्या. दोघे जिना उतरून क्ष-किरण विभागात गेले. हाताला नळी लोंबत होती. तिथे पेटर रोमाइस या सहकाऱ्याने घाबरून ती उपसून काढण्याचा प्रयत्न केला. फोर्समानने त्याला झटकले.

१०/ क्ष-किरणांच्या पडद्यासमोर आरसा धरण्यात आला. त्यात स्वतःच्याच छातीचे प्रतिबिंब पाहत त्याने नळी ६५ सेंटीमीटरपर्यंत सरकवली. टोक उजव्या कर्णिकेत पोहोचले. त्याने छायाचित्र काढवून घेतले. हृदय धडधडत राहिले. शतकानुशतकांचा समज त्या एका छायाचित्राने खोटा ठरवला.

११/ आता इतिहासाच्या विद्यार्थ्याने थांबावे असे ठिकाण. वरचा वृत्तान्त आत्मचरित्रातला, ते १९७२ साली प्रसिद्ध झाले. म्हणजे घटनेनंतर चार दशकांहून अधिक काळाने. नोव्हेंबर १९२९ मध्ये ‘क्लिनिशे वोखेनश्रिफ्ट’ या नियतकालिकात आलेल्या मूळ लेखात वेगळी हकीकत आहे. आधी शवावर प्रयोग, मग एका सहकाऱ्याच्या हातून स्वतःवर प्रयोग. तो सहकारी ३५ सेंटीमीटरवर भिऊन थांबला. मग आठवड्याने एकट्याने केलेला यशस्वी प्रयोग.

१२/ कोणता वृत्तान्त खरा? समकालीन साधन अधिक विश्वसनीय, हा आपला नेहमीचा नियम. पण इथे तो आंधळेपणाने लावता येत नाही. १९२९ च्या लेखकाला वरिष्ठांची आज्ञा मोडल्याचे आणि परिचारिकेला बांधल्याचे जाहीर करणे परवडणारे नव्हते. उलट १९७२ च्या लेखकाला, जगप्रसिद्ध झाल्यावर, गोष्ट रंगवण्याचा मोह होऊ शकतो. समकालीन साधनाला लपवण्याचे कारण होते आणि उत्तरकालीन साधनाला सजवण्याचे. दोन्हींत समान उरते ते निश्चित मानावे : शीर, नळी, जिना, आरसा आणि ते छायाचित्र.

१३/ आणि डिट्झेन यांचे काय? आत्मचरित्रातील हकीकत खरी मानली, तर या ‘स्वतःवरील’ प्रयोगाच्या आरंभी दुसऱ्या एका व्यक्तीचा विश्वास वापरला गेला. किल्ल्या त्यांच्या, आरसा धरणारे हात त्यांचे, नोकरीचा धोकाही त्यांचा. मूळ लेखात मात्र त्या आरसा धरणारी एक परिचारिका, एवढ्याच उरतात. इतिहासात अनेक नावे अशीच एखाद्या उल्लेखात मिटून जातात.

१४/ श्नायडर रागावले, पण छायाचित्र पाहून त्यांनीच लेख प्रसिद्ध करण्यास सांगितले. लेखात एका मरणासन्न रुग्णाचाही उल्लेख आहे. पोटात पू पसरलेल्या त्या रुग्णाला नळीतून औषध देण्यात आले, तात्पुरता उतार पडला, पण तो वाचला नाही. पुढे फोर्समान बर्लिनच्या शारिटे रुग्णालयात फर्डिनांड सावरब्रुख या बलाढ्य शल्यचिकित्सकाच्या विभागात गेला. तिथे त्याच्या प्रयोगाला सर्कशीतल्या कसरतीपलीकडे किंमत मिळाली नाही. त्याला बाहेर पडावे लागले.

१५/ त्याने नळीतून क्ष-किरणांत दिसणारे द्रव्य हृदयात सोडण्याचेही प्रयोग केले, आधी कुत्र्यांवर आणि मग स्वतःवर. चित्रे अस्पष्ट आली. हळूहळू त्याने हा मार्ग सोडला आणि मूत्ररोग हे क्षेत्र पत्करले. १९३२ साली, म्हणजे हिटलर सत्तेवर येण्याच्याही आधी, तो नाझी पक्षाचा सदस्य झाला. सदस्य होण्याची सक्ती नसताना झाला, हे लक्षात ठेवायला हवे.

१६/ याच सुमारास प्रागमध्ये ओटो क्लाइन नावाच्या वैद्याने फोर्समानचा लेख वाचून ती पद्धत प्रत्यक्ष रुग्णांवर वापरली आणि १९३० साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. नळीचा उपयोग औषधासाठी नसून हृदयाचे काम मोजण्यासाठी आहे, हे त्याने ओळखले होते. क्लाइन ज्यू होता. नाझी संकट प्रागपर्यंत पोहोचल्यावर त्याला देश सोडून आर्जेन्टिनात जावे लागले. ज्या पक्षाचे सदस्यत्व पहिल्याने घेतले, त्याच पक्षाच्या राजवटीने दुसऱ्याचे काम मोडले.

१७/ क्लाइनने काय मोजले? १८७० साली अडोल्फ फिक यांनी एक सोपा हिशेब मांडला होता. समजा, शरीर मिनिटाला २५० मिलिलिटर प्राणवायू घेते. फुफ्फुसातून शुद्ध होऊन आलेल्या लिटरभर रक्तात २०० मिलिलिटर प्राणवायू आहे, परत येणाऱ्या रक्तात १५०. म्हणजे प्रत्येक लिटर ५० मिलिलिटर उचलतो. तर २५० भागिले ५०, बरोबर ५. हृदय मिनिटाला ५ लिटर रक्त फेकते.

१८/ हिशेब सोपा, अडचण एकच. ‘परत येणारे रक्त’ आणायचे कोठून? हाताच्या शिरेतले रक्त फक्त हाताचे. साऱ्या शरीराचे रक्त नीट मिसळते ते हृदयाच्या उजव्या बाजूत पोहोचल्यावर. तेथून नमुना घ्यायचा तर नळी हवी. म्हणजे फिक यांचे समीकरण सुमारे ६० वर्षे माणसाच्या बाबतीत एका नळीसाठी अडून राहिले होते.

१९/ ती अडचण पद्धतशीरपणे दूर केली न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयात अँद्रे कुर्नाँ आणि डिकिन्सन रिचर्ड्स यांनी. कुर्नाँ मूळचे पॅरिसचे. त्यांनी आधी काही वर्षे प्राण्यांवर सराव केला आणि मगच, १९४० नंतर, रुग्णांकडे वळले. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी मोठ्या जखमांमुळे रक्तदाब कोसळलेल्या रुग्णांचा अभ्यास केला. रक्त वाहून गेल्याने हृदयाकडे परतणारा पुरवठाच आटतो, हे त्यांनी आकड्यांत दाखवले. अशा रुग्णाला भरपूर रक्त देण्याच्या उपचाराला त्यातून भक्कम आधार मिळाला.

२०/ इकडे फोर्समान युद्धात सैन्यवैद्य होता. शेवटी अमेरिकनांचा युद्धकैदी झाला. सुटल्यावर पक्षसदस्यत्वामुळे काही काळ वैद्यकीय व्यवसायाला बंदी आली, तेव्हा त्याने लाकूडतोडही केली. पुढे बाड क्रॉयत्सनाख या गावी तो मूत्ररोगांचा वैद्य म्हणून काम करू लागला. १९५६ साली नोबेल पुरस्कार जाहीर झाला : कुर्नाँ, रिचर्ड्स आणि फोर्समान. क्लाइनचे नाव नव्हते.

२१/ त्यानंतर नळीचा प्रवास वेगाने झाला. १९५८ साली क्लीव्हलंडमध्ये मेसन सोन्स यांच्या तपासणीत नळीचे टोक चुकून हृदयाला रक्त पुरवणाऱ्या रोहिणीत शिरले आणि द्रव्य तिच्यातच गेले. रुग्णाचे हृदय क्षणभर थांबले, खोकायला लावताच पुन्हा सुरू झाले. त्या अपघातातून आजची अँजिओग्राफी जन्मली. १९७७ साली झ्युरिकमध्ये अँड्रियास ग्रुन्टझिग यांनी नळीच्या टोकाला फुगा बसवून जागृत रुग्णाची अरुंद रोहिणी रुंद केली. जागृत रुग्णाच्या हृदयाच्या रोहिणीवरील ही पहिली अँजिओप्लास्टी.

२२/ मेंदूची वाटही अशीच खुली झाली. १९२७ साली लिस्बनमध्ये एगास मोनिझ यांनी मेंदूच्या रोहिण्यांचे पहिले क्ष-किरण चित्र मिळवले. आज पक्षाघाताच्या काही रुग्णांत जांघेतून नळी नेऊन मेंदूतील रक्ताची गुठळी ओढून काढतात. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या, नेदरलँड्समधील ५०० रुग्णांच्या चाचणीत तीन महिन्यांनी स्वतःचे व्यवहार स्वतः करू शकणाऱ्यांचे प्रमाण नेहमीच्या उपचाराने १९ टक्के, तर गुठळी काढण्याची जोड दिल्यावर सुमारे ३३ टक्के आढळले.

२३/ मग श्रेय कोणाचे? फोर्समानने एक भीती मोडली, आणि ती मोडल्याशिवाय पुढचे काहीच झाले नसते. परंतु भीती मोडणे आणि ज्ञान मिळवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. क्लाइनने नळीला मोजमापाचे साधन म्हणून ओळखले. कुर्नाँ आणि रिचर्ड्स यांनी संयमाने, वर्षानुवर्षे खपून तिला वैद्यकाच्या हाती दिले. डिट्झेन यांनी कपाट उघडले.

२४/ शौर्य मान्य करण्यासाठी फसवणूक झाकण्याची गरज नाही. पक्षसदस्यत्व नोंदवल्याने ते छायाचित्रही खोटे ठरत नाही. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या आहेत आणि दोन्ही एकाच पानावर लिहिल्या पाहिजेत. पुढच्या वेळी घरात कोणाची ‘अँजिओ’ ठरली, तर हा आरसा, तो जिना आणि प्रागमधून परागंदा झालेला तो वैद्य, तिघांचीही आठवण असू द्या.

धागा समाप्त.