फोटोतली गर्दी



१४ ऑक्टोबर १९५६ चे फोटो आपण सगळ्यांनी पाहिलेत. मंचावर बाबासाहेब, शेजारी माईसाहेब. भदन्त चंद्रमणींकडून दोघांनी दीक्षा घेतली, आणि मग बाबासाहेबांनी स्वतः लाखोंना दिली. त्यानंतर अवघ्या ५३ दिवसांनी, ६ डिसेंबरला ते गेले. घराघरातल्या भिंतीवर बुद्धाशेजारी त्यांचा फोटो लागला, तो आजही आहे.

आता दुसरा फोटो आठवा. कॅमेरा मंचाकडून मैदानाकडे वळलेला. नजर पोहोचेल तिथवर पांढऱ्या कपड्यांतली माणसं. स्तूप तेव्हा नव्हताच, तो खुला झाला २००१ साली. नुसतं मैदान आणि माणसं, आणि नाव एकाचंही नाही. गावात ज्यांना नावाऐवजी जातीनं हाक मारली जायची, ती माणसं आपल्या सगळ्यात मोठ्या दिवशीही बिननावाचीच राहिली.

आमची आजी त्या गर्दीत होती. फोटो दिसला की म्हणायची, "मी इथंच कुठंतरी आहे, बघ." बोट मात्र दर वेळी वेगळ्या जागी. लहानपणी आम्ही हसायचो. आता वाटतं, तिच्या लेखी ती सगळी गर्दीच 'मी' होती.

दसऱ्याला दीक्षाभूमीवर आपण सगळे मोबाइलनं फोटो काढतो. जरूर काढा. पण घरी गेल्यावर पेटीतले जुने फोटोही बाहेर काढा, म्हाताऱ्या माणसांजवळ बसा, आणि प्रत्येक फोटोच्या मागं पेन्सिलीनं लिहा: नाव, गाव, साल. त्या दिवशी दहा वर्षांचं असलेलं पोरही आज ऐंशीच्या घरात आहे.