आद्य काउंटी आरोग्यखातें कोणतें?

अमेरिकेंतील पहिलें काउंटी आरोग्यखातें कोणतें, याविषयीं अभ्यासकांत मतभेद आहे. कोणी केंटकींतील जेफरसन काउंटीस १९०८ सालचा मान देतात. कोणी १९११ सालच्या नॉर्थ कॅरोलिनांतील गिल्फर्डास किंवा वॉशिंग्टन संस्थानांतील याकिमास. पैकीं जेफरसनांत लुइव्हिल व गिल्फर्डांत ग्रीन्सबरो हीं शहरें असल्यानें, सर्वस्वीं ग्रामीण म्हणून १९१२ च्या रोबेसन काउंटीचें नांव पुढें येतें.

आमच्या मतें येथें याकिमाचा दाखला विचारांत घेतला पाहिजे. तेथें विषमज्वर माजला असतां मध्यवर्ती सरकारच्या आरोग्यखात्याचे डॉ. लेस्ली लम्सडेन यांनीं पाहणी केली. उघडे शौचकूप, माशा व दूषित पाणी यांवर त्यांनीं बोट ठेविलें, आणि पूर्ण वेळ काम करणारा आरोग्याधिकारी नेमावा असें सुचविलें. कारण उघड आहे : साथीपुरता आलेला वैद्य साथीबरोबर जातो, शौचकूप व विहिरी मात्र तशाच राहतात.

तेव्हां आद्यत्वाचा निर्णय करितांना ठराव केव्हां झाला हें न पाहतां असा अधिकारी केव्हां रुजू झाला हें पाहावें. तो पुरावा पगाराच्या वह्यांत व मृत्यूच्या नोंदींत मिळावयाचा. संग्राहकांनीं असले कागद रद्दी समजूं नयेत; खेड्यांतील माणसें कशानें मेलीं व कशानें वांचलीं, हें त्यांवांचून कळणार नाहीं.