रस्त्यावरचा दिवा कुणाचा? भोसरी ते चाकण : एका कर्तव्याचा इतिहास

रस्त्यावरच्या दिव्याकडे आपलं लक्ष जातं ते बहुधा तो बंद पडल्यावर. तक्रार करायला निघालो की पहिला प्रश्न येतो, हा दिवा कुणाचा? आपल्या औद्योगिक पट्ट्यात हा प्रश्न इतका अवघड का झाला, ते आज आपण इतिहासातून पाहू.

सुरुवात गावापासून करू. १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्यात गावातली दिवाबत्ती हे पंचायतीचं काम आहे. पण ग्रामनिधीतून जमेल तेवढंच. वाक्य साधं दिसतं, पण विचार करायला लावणारं आहे. कान्टच्या नीतिविचारात जे करणं शक्य आहे तेच कर्तव्य ठरतं. इथे मात्र शक्यता ठरते ती तिजोरीवरून. आता शहराकडे वळू. महानगरपालिकांचा कायदा मूळचा १९४९ चा. त्याच्या कलम ६३ मध्ये सार्वजनिक रस्त्यांवरची दिवाबत्ती हे बंधनकारक काम आहे. म्हणजे काम तेच, पण गावात ऐपतीप्रमाणे आणि शहरात सक्तीने.

पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी या गावांची मिळून १९७० मध्ये नगरपालिका झाली, १९८२ मध्ये महानगरपालिका. १९९७ मध्ये मोशी, चिखली, तळवडे ही गावंही आत आली. दरवेळी हद्द सरकली, की त्या गावांतला दिवा ‘जमेल तेवढं’ मधून ‘केलंच पाहिजे’ मध्ये गेला. याच काळात आणखी एक मालक आला. १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली. तिने वसाहती आखल्या, आतले रस्ते बांधले, दिवे लावले. पुढे चाकणला मोठे मोटार कारखाने आले ते महाळुंगे, खराबवाडी, निघोजे या गावांच्या जमिनीवर. वसाहतीचा रस्ता एमआयडीसीचा, शेजारची वाडी ग्रामपंचायतीची. खुद्द चाकणला नगरपरिषद मिळाली ती २०१५ मध्ये.

आता दुसरी पाळी सुटल्यावर सायकलवरून भोसरीकडे निघालेला कामगार डोळ्यांसमोर आणा. वसाहतीतला रस्ता, मग गावचा, मग पुणे-नाशिक महामार्ग, इंद्रायणी ओलांडली की महानगरपालिका. राष्ट्रीय महामार्गावर सलग दिवे लावायची पद्धत नाही. वस्ती, मोठे चौक, उड्डाणपूल, टोलनाका इथेच ते लागतात. म्हणजे एका फेरीत त्याला तीन-चार मालकांचा उजेड लागतो, आणि मधे मधे कुणाचाच नाही.

गंमत बघा, तंत्रज्ञांनी हा धोका फार आधी ओळखला होता. १९७० च्या भारतीय मानक १९४४ मध्ये रस्त्यांचे गट पाडले आहेत. जलद आणि दाट वाहतुकीच्या मुख्य रस्त्यावर सरासरी ३० लक्स, अगदी कमी रहदारीच्या रस्त्यावर ४ लक्स. (पौर्णिमेचं चांदणं पाव लक्सच्या आसपास असतं.) पण महत्त्वाची अट वेगळीच आहे. मुख्य रस्त्यावर कुठल्याही जागी उजेड सरासरीच्या ४० टक्क्यांहून खाली जाता कामा नये. कारण डोळा लख्ख उजेडाला सरावला, की पुढच्या काळोखात माणूस दिसतच नाही. दोन खांबांमधल्या काळोखाला असं माप आहे. दोन हद्दींमधल्या काळोखाला कायद्यात माप नाही.

आणि हा काळोख नुसत्या आळसाचा नाही. २०२१ मध्ये थकबाकीपोटी महावितरणने राज्यात अनेक ग्रामपंचायतींच्या पथदिव्यांची वीज तोडली. मग वित्त आयोगाच्या निधीतून बिलं भरायचं ठरलं. खांब होते, दिवे होते. भरणारा कोण, एवढाच वाद होता.

यावर कुणी म्हणेल, मग सगळीकडे मोठे दिवे लावा. तसंही नको. भगभगीत दिवा चालकाचे डोळे दिपवतो आणि आकाशही उजळून टाकतो. त्याच मानकात प्रकाश खाली वळवणाऱ्या, बाजूची झगझग तोडणाऱ्या दिव्यांचा वर्ग आहे. आपल्याच राज्यातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला २०२४ मध्ये काळोख्या आकाशाचं उद्यान म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. तेव्हा नेमका उजेड लावणं आपल्याला जमतं.

आमचं म्हणणं एवढंच, की मोजमाप हद्दीचं नको, वाटेचं हवं. कारखान्याच्या फाटकापासून कामगाराच्या दारापर्यंतचा रस्ता एकच धरून, त्यावरच्या उजेडाचा नकाशा सगळ्या यंत्रणांनी मिळून करावा. २०१५ पासून पीएमआरडीए आहे. हद्दीपलीकडे बघण्यासाठीच तर ती स्थापन झाली. पुढच्या ग्रामसभेत, क्षेत्रसभेत हा प्रश्न आपण विचारूया. दिवा कुणाचा हे नंतर ठरवा. आधी सांगा, या वाटेवर काळोख नेमका किती पावलांचा आहे?