दसऱ्याचं झाड : तोडून आणलेलं की लावलेलं?

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी परभणीच्या किंवा सेलू-गंगाखेडच्या बाजारातून चालत जा. रस्त्यावर पायाखाली आलेलं 'सोनं' पडलेलं दिसतं. आदल्या दिवशी टेम्पोनं आलेल्या फांद्या, न विकल्या गेलेल्या जुड्या, आणि त्यातली निम्मी पानं तर आपट्याची नसतातच... कांचनाची असतात! (आपट्याचं पान लहान, जाडसर आणि लांबीपेक्षा रुंद. कांचनाचं मोठं आणि मऊ. एकदा दोन्ही शेजारी ठेवून बघा, मग आयुष्यभर फसणार नाही.) परभणी जिल्ह्यात जंगल अगदी नावापुरतं, जे काय आहे ते बहुतेक जिंतूरच्या डोंगराळ बाजूला. म्हणजे ही पानं कुठूनतरी ओरबाडून येतात, हे सांगायला वनखात्याचा माणूस लागत नाही.

दरवर्षी यावर दोन मतं ऐकू येतात. एक, "पानं वाटूच नका, नुसता नमस्कार करा." दोन, "पूर्वापार चालत आलंय, मध्ये बोलू नका." मला तिसराच प्रश्न पडतो. प्रत्येक गावाचं दसऱ्याचं एक कायमचं, जिवंत झाड का नसावं? दरवर्षी फांदी आणून मैदानात रोवायची, तिची पूजा करायची आणि पाच मिनिटांत तिचा खराटा करायचा, यापेक्षा मैदानातच मुळं असलेलं झाड असलेलं काय वाईट?

आणि गंमत म्हणजे 'पूर्वापार'वाल्यांनी पोथी उघडली तर पोथी या तिसऱ्या बाजूची निघते.

कमलाकर भट्टांचा 'निर्णयसिंधु' १६१२ सालचा. भट्ट घराणं मूळचं आपल्या पैठणचं, काशीला जाऊन स्थायिक झालेलं. काशिनाथ उपाध्यायांचा 'धर्मसिंधु' १७९० च्या सुमाराचा, पंढरपूरचा. दोन्ही ग्रंथ महाराष्ट्रात शेकडो वर्षं प्रमाण मानले गेले. त्यातला विजयादशमीचा विधी थोडक्यात असा : गावाबाहेर ईशान्येला जावं, तिथल्या शमीची पूजा करावी, शमी नसेल तर आपट्याची (संस्कृतात अश्मंतक). मग झाडाच्या मुळाशी असलेली ओली माती अक्षतांसकट घ्यावी आणि वाजतगाजत घरी यावं.

माती! घरी न्यायची वस्तू म्हणजे मुळाची माती. आता मुळाची माती घ्यायची तर झाडाला मूळ हवं, म्हणजे ते जमिनीत उभं हवं. आणि ईशान्येला चालत जायचं तर ते ठरलेल्या जागी हवं. तोडलेल्या फांदीला यातलं काहीच लागू होत नाही.

कथांचंही तसंच आहे. पांडवांनी विराटाच्या नगरीत शिरण्याआधी शस्त्रं शमीवर लपवली, हे सगळ्यांना माहीत असतं. पण त्याच ठिकाणी महाभारतात आणखी एक तपशील आहे, तो शाळेत सांगत नाहीत. झाड स्मशानाजवळचं होतं आणि कोणी जवळ फिरकू नये म्हणून पांडवांनी त्यावर एक प्रेत बांधून ठेवलं. वृक्षसंरक्षणाची याहून खात्रीशीर योजना मी तरी वाचलेली नाही :) असो. वर्षभरानं परत आल्यावर शस्त्रं मिळाली, कारण झाड तिथंच होतं. सगळी गोष्ट त्या झाडाच्या जागेवर न हलण्यावर उभी आहे.

रघुराजा आणि कौत्साच्या गोष्टीत मात्र फरक पडलाय. वरतंतूचा शिष्य कौत्स गुरुदक्षिणेसाठी चौदा कोटी मागायला येतो, रघू कुबेरावर चाल करायचं ठरवतो आणि रात्रीतून सोन्याचा पाऊस पडतो. कालिदासाच्या रघुवंशात (पाचवा सर्ग) हा पाऊस राजाच्या कोषागारात पडतो. झाडाचा संबंध नाही. आपल्या लोककथेत तोच पाऊस आपट्यावर, कुठं शमीवर पडतो आणि लोक ते सोनं लुटतात. 'लुटणं' आलं ते या वाटेनं.

मग झाडाची फांदी कधी झाली? माझा तर्क असा. दसरा हा मराठ्यांचा मोहिमेचा मुहूर्त. पावसाळा संपला, नद्या उतरल्या की फौजा निघायच्या. फिरत्या छावणीला स्वतःची शीव कुठली आणि शिवेवरचं झाड कुठलं? तिथं फांदी रोवणं हाच सोयीचा मार्ग. दुसरं कारण शहरांचं. गाव लहान होतं तोवर शीव चालत जाण्याएवढी होती. प्लॉटिंग झालं, कॉलन्या झाल्या, आणि ज्या झाडापाशी सीमोल्लंघन व्हायचं ते झाड शिवेसकट गावाच्या पोटात गेलं. मग मैदान ठरवायचं आणि त्यात फांद्या आणायच्या.

याचं सगळ्यात भव्य रूप कोल्हापूरला बघायला मिळतं. दसरा चौकात लकडकोट उभारतात, त्यात शमी-आपट्याच्या फांद्या, छत्रपती पूजा करतात, बंदुकीचा बार होतो आणि सोनं लुटायला झुंबड उडते. बघण्यासारखा सोहळा आहे, प्रश्नच नाही. पण म्हैसूरला वेगळं आहे. तिथली दसऱ्याची मिरवणूक राजवाड्यातून निघते ती बन्नीमंटपाला पोचते. बन्नी म्हणजे कानडीत शमी. राजा झाडाकडे जायचा, झाड राजाकडे यायचं नाही. शहराच्या एका भागाचं नावच त्या झाडावरून पडलं. शेजारच्या तेलंगणात, म्हणजे १९४८ पर्यंत आपण ज्यांच्याबरोबर एकाच निजामी राज्यात होतो त्यांच्याकडे, शमीला जम्मी म्हणतात. राज्य झाल्यावर त्यांनी तोच राज्यवृक्ष केला. राजस्थानचा खेजडीही हाच. १७३० साली जोधपूरजवळ खेजडलीला ३६३ बिष्णोईंनी ज्या झाडांसाठी जीव दिला ते झाड आणि आपली बांधावरची काटेरी सौंदड, दोन्ही एकच जात आहेत. हे कळलं तेव्हा मी दोन मिनिटं गप्प बसलो होतो.

आता उलट बाजू. जिवंत झाड म्हटलं की प्रश्न सुटला असं वाटतं, पण नाही सुटत. नेमका हाच प्रयोग अमेरिकेनं ख्रिसमसच्या झाडावर करून बघितलाय आणि त्याचा शंभर वर्षांचा हिशोब उपलब्ध आहे.

२४ डिसेंबर १९२३ ला वॉशिंग्टनमध्ये राष्ट्राध्यक्ष कूलिज यांनी पहिल्या 'राष्ट्रीय ख्रिसमस ट्री'चे दिवे लावले. ४८ फुटी झाड, कूलिज यांच्या व्हर्मांट राज्यातून तोडून आणलेलं. झाडं तोडण्यावर टीका होतीच, म्हणून १९२४ ला तिथल्या वनसंवर्धन संस्थेनं जिवंत स्प्रूस दिलं आणि ते कायमचं लावलं. 'कायमचं' म्हणजे पाच वर्षं. सजावटीनं खराब झालं म्हणून १९२९ ला बदललं, १९३१ ला पुन्हा बदललं. मग जागा बदलत राहिल्या. १९५४ पासून परत तोडलेली झाडं आणायला लागले, ते १९७२ पर्यंत. १९७३ ला पुन्हा जिवंत. १९७८ ला लावलेलं झाड मात्र टिकलं, बत्तीस वर्षं, आणि फेब्रुवारी २०११ मध्ये वादळी वाऱ्यात मोडलं. त्याच्या जागी लावलेलं वर्षभरात मेलं. नंतरचीही बदलावी लागली. २०२३ ला नवं लावलं ते कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी वाऱ्यानं आडवं झालं आणि क्रेननं उभं केलं!

याचा अर्थ प्रयोग फसला? मला तसं वाटत नाही. मला यातून दिसतं ते एवढंच, की उत्सवाचं झाड उत्सवानंच मरतं. शिड्या, तारा, दिवे, आणि मुळांवर उभी राहणारी गर्दी. माती दाबली गेली की मुळांना हवा मिळत नाही. आपल्याकडे तर त्यावर 'लुटणं' आहे. मैदानात कोवळी शमी लावा आणि दसऱ्याच्या संध्याकाळी दहा हजार लोक सोडा, सकाळी काटेसुद्धा शिल्लक राहायचे नाहीत.

म्हणून पूजेचं झाड आणि लुटायची पानं या दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात. झाडाभोवती पार नको (सिमेंटचा तर मुळीच नको, त्यानं झाड गुदमरतं), रुंद मोकळा वाफा आणि कुंपण हवं. लोकांनी बाहेरून हात जोडावेत, आणि चिमूटभर माती न्यावी. पोथीत तेच आहे! ती माती आधीच वाफ्याबाहेर टोपल्यांत काढून ठेवली की झालं. एकमेकांच्या हातावर पान ठेवून पाया पडणं, ज्येष्ठांना भेटणं, वैर विसरणं, हा दसऱ्याचा गोड भाग आहे, तो मी काढून घेणार नाही. पण त्याला घरटी एक पान पुरतं, जुडी लागत नाही. आमच्याकडे घटातले कोवळे धान्याचे कोंब टोपीत खोवतात, तेही सोनंच की.

आणि 'कायमचं'बद्दल. विजयादशमीलाच १९५६ साली बाबासाहेबांनी नागपूरला धम्मदीक्षा दिली, त्यामुळे मराठवाड्यात या दिवशी हजारो लोकांच्या मनात दुसरंही एक झाड असतं, बोधिवृक्ष. बोधगयेचा आजचा पिंपळ बुद्धांच्या वेळचा नाही. जुना १८७६ च्या वादळात पडला आणि १८८१ मध्ये कनिंगहॅमनी त्याच्या जागी रोप लावलं. तरी तो बोधिवृक्षच आहे, कुणाला शंका येत नाही. झाड कायमचं असतं ते असं, एक गेलं की त्याच जागी दुसरं, शक्यतो त्याच्याच बीजाचं. वॉशिंग्टनवाले चुकले असतील तर इथं, दरवेळी तयार मोठं झाड उचलून आणण्यात. शेवटच्या दिवशी प्रॉडक्शनमध्ये मोठा बदल टाकल्यावर काय होतं ते आमच्या धंद्यातल्यांना विचारा.

खरी अडचण पहिल्या दहा वर्षांची आहे. सौंदड सावकाश वाढते. तोवर पुढाऱ्यांना हातभर रोपापुढे फोटो काढावा लागेल, आणि तो पेपरात शोभत नाही. सुरुवातीचे दोन-तीन उन्हाळे पाणी घालावं लागेल, आणि आपले उन्हाळे कसे असतात ते २०१६ ला शेजारच्या लातूरला रेल्वेनं पाणी आलं तेव्हा सगळ्या देशानं बघितलं. पण एकदा मूळ खोल गेलं की हे झाड मारवाडच्या वाळवंटात जगतं, त्याला परभणीच्या काळ्या मातीचं काय! मोठं झाल्यावर कायद्याचाही आधार आहे. महाराष्ट्राच्या १९७५ च्या नागरी वृक्ष कायद्यात २०२१ च्या दुरुस्तीनं पन्नास वर्षांवरच्या झाडांना वारसा वृक्ष म्हणून वेगळं संरक्षण मिळालंय. गावाची जुनी शीव कुठं होती हे सांगणारी खूण आज बहुतेक ठिकाणी उरलेली नाही. ईशान्येला लावलेलं एक झाड तेवढं काम तरी करेल.

कुणाला खरंच करायचं असेल तर एक सावधगिरी. नर्सरीत 'शमी' म्हणून पिशवीत जे मिळतं ते पुष्कळदा भलतंच काटेरी झुडूप असतं, आणि रस्त्याकडेची वेडी बाभूळ तर शमीची परदेशी चुलतबहीण, ती चुकूनही लावू नका. बांधावरची जुनी, खात्रीची सौंदड शोधा, शेतमालकाला विचारा, उन्हाळ्याच्या शेवटी वाळलेल्या शेंगा गोळा करा. बी रात्रभर पाण्यात भिजवून लांब पिशवीत लावायचं, कारण सोटमूळ लगेच खाली धावतं, आणि एकाऐवजी पाच-सहा रोपं करायची. परभणीत कृषी विद्यापीठ १९७२ पासून आहे, ओळख पटवायला तिथं पान आणि शेंग घेऊन जा.